धागा: कलाकार-मेळावा आणि अनुदान, खान्देशातल्या गटांनी हिशेब कसा मांडावा?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. बेत असा आहे: जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून १२ गट. त्यात अहिराणी गाणारे पाच, रावेर-यावलकडचे वहीगायनाचे (खान्देशातली पारंपरिक गायनकला) दोन, सातपुड्यातले पावरी (भोपळ्याचं फुंकवाद्य) आणि ढोलाचे तीन आणि संबळ-डफाचे दोन. दोन दिवस, प्रत्येक गटाला २५ मिनिटं. समोर नुसते प्रेक्षक नकोत, सुपारी देणारी, म्हणजे कार्यक्रम ठरवणारी माणसं हवीत: यात्रा समित्या, लग्नाचे कार्यक्रम घेणारे, महोत्सवांचे आयोजक, आकाशवाणीतली मंडळी.

प्रश्न तीन आहेत. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, कारण १२ पैकी नोंदणी फक्त दोघांची आहे. पैसा कुठून मागायचा. आणि मंजूर झाला तरी शेवटी खिशातून किती जातो. तिसऱ्याचं उत्तर आकड्यांत मिळालं तर बरं.

हिशेबवही
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात.

"१२ गटांचा समूह" ही कायद्याच्या नजरेत कुणीच नाही. अर्ज एकाच नोंदणीकृत संस्थेचा जातो, बाकीचे ११ सहभागी. संस्था म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, किमान सात सभासदांची, आणि महाराष्ट्रात त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली. तुमच्या दोनपैकी कोणती पुढे करायची ते जुनी कोणती यावर ठरवू नका. ही चार कागदं कुणाची चोख आहेत ते बघा.

पहिलं, परिशिष्ट एकवरची (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीतली) कार्यकारिणी आणि आज प्रत्यक्ष कारभार करणारी माणसं एकच आहेत का? अध्यक्ष वारले, नवे बसले, पण १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज गेलाच नाही, हे खान्देशात घरोघरी दिसतं. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. जुन्या माणसाच्या सहीने ठराव आणि नव्याच्या सहीने बँक खातं असेल तर अर्ज छाननीतच अडकतो. दुसरं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. तिसरं, निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. केंद्राच्या योजनेला तो नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. चौथं, घटनेतल्या उद्देशांत "कला, संगीत, संस्कृती" हे शब्द हवेत. उद्देश फक्त "शैक्षणिक व सामाजिक" असतील तर ते बदलायला वेळ लागतो, त्यासाठी अर्जाची शेवटची तारीख थांबत नाही.

मग मुख्य संस्था आणि प्रत्येक गट यांच्यात सामंजस्य करार. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० चा मुद्रांक चालत नाही, ५०० चा घ्या. करारात पाहुणचाराची भाषा नको. मानधन किती, कधी, कुणाच्या खात्यात, चित्रीकरणाचा हक्क कुणाचा, गट आला नाही तर काय, एवढंच लिहा.

तापीची_रेती
नोंदणी नाही म्हणून वर्गणी गोळा करून करू, असं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तीच.

हिशेबवही
बरोबर. आता पैसा.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कला संस्कृती विकास योजना आहे, तिच्यात सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मिती अनुदान नावाचा भाग आहे. महोत्सव, कार्यशाळा, परिसंवाद, प्रदर्शन, संगीत-नृत्य-नाट्य निर्मिती हे सगळं त्यात बसतं. कमाल मर्यादा ५ लाख, अपवादात्मक प्रकल्पाला २० लाखांपर्यंत. वीस लाखांचा आकडा वाचून बजेट फुगवू नका, पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने ५ लाखांच्या आतच राहावं. मदत प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, बाकीचे २५ तुमचे. धार्मिक संस्था म्हणून चालणाऱ्यांना आणि शाळा-कॉलेजांना ही योजना नाही. म्हणून कानबाई देवीची गाणी मंचावर खुशाल घ्या, पण अर्ज देवस्थानाच्या नावाने करू नका.

क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं दोन: उदयपूरचं पश्चिम क्षेत्र आणि नागपूरचं दक्षिण-मध्य क्षेत्र. महाराष्ट्र दोन्हींत सभासद आहे. यांच्याकडे रोख मागण्यापेक्षा सहयोग मागा, म्हणजे एखादं बाहेरचं लोककलापथक त्यांच्या खर्चाने येईल आणि तुमच्या पत्रकावर त्यांचं नाव लागेल. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय, जिल्हा नियोजनातून जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होणारे महोत्सव हे तिसरं दार. २०२४ ला जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव झाले ते आठवत असेल. तिथे तुम्हाला अनुदान मिळत नाही, मंच मिळतो. मेळाव्याचा एक दिवस अशा महोत्सवाला जोडता आला तर मंडप आणि ध्वनी दोन्ही वाचतात.

ज्येष्ठ कलावंतांचं दरमहा ५,००० चं मानधन ही वेगळी योजना आहे, तिचा आणि कार्यक्रमाचा संबंध नाही. दर वेळी कुणीतरी दोन्ही एकत्र करतं.

आखाजी
सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, तो राहिला की. जळगाव औद्योगिक वसाहतीत पाइप आहेत, चटई आहे, डाळ आहे.

हिशेबवही
ताई, सीएसआर फक्त कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना, आणि तेही निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक गाठलं तर. बऱ्याच दालमिली भागीदारीत असतात, त्यांना कलम १३५ लागूच नाही. तिथे सीएसआरचा प्रस्ताव घेऊन जाणं म्हणजे दुधाच्या डेअरीत तूर विकायला जाणं. त्यांच्याकडे स्मरणिकेची जाहिरात मागा.

खऱ्या सीएसआरला अनुसूची सातमधला कला-संस्कृती-पारंपरिक कलांचा मुद्दा लागतो. पण एक अडचण आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे एकवेळचा कार्यक्रम, पुरस्कार, जाहिरातवजा प्रायोजन हे सीएसआर खर्चात धरत नाहीत. म्हणून "दोन दिवसांचा मेळावा" असा प्रस्ताव परत येतो. सहा महिन्यांचं पावरी-वादन प्रशिक्षण, २० शिकाऊ, वाद्यं बनवणाऱ्याला काम, आणि शेवटी सादरीकरण, असा प्रस्ताव टिकतो. मात्र प्रशिक्षण खरंच झालं पाहिजे, हजेरीपट लागतो. संस्थेकडे १२अ (संस्थेची करसवलत), ८०जी (देणगीदाराची करसवलत) आणि सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) चा क्रमांक हवा, तीन वर्षांचा कामाचा इतिहासही.

जाहिरात घेतली तर तिची ८०जी पावती फाडायची नाही, ती देणगी नव्हे. आणि असं व्यावसायिक उत्पन्न वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाऊ लागलं की सीएला आधी विचारा, करसवलत धोक्यात येते.

गिरणाकाठ
समजलं. आता आकडे द्या भाऊ.

हिशेबवही
नमुन्याचं बजेट मांडतो. दर तुमच्या गावचे घाला, रचना हीच ठेवा.

मानधन १२ गट × १५,००० = १,८०,०००. गटात सरासरी ८ माणसं धरली तर ९६ कलाकार. प्रवास गटाला ४,००० प्रमाणे ४८,०००, दोन जेवणं १५० दराने २८,८००, एक मुक्काम माणशी ३०० प्रमाणे २८,८००. ध्वनी-प्रकाश दोन दिवस १,४०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५,२००. मंच-सजावट-खुर्च्या ६०,००० अधिक जीएसटी, ७०,८००. जनित्र डिझेलसह २४,०००. चित्रीकरण ४५,०००. सुपारी देणारे १५ पाहुणे, माणशी २,००० प्रमाणे ३०,०००. परवाने, संगीताचा परवाना, विमा २०,०००. छपाई १५,०००. लेखापरीक्षण १०,०००.

बेरीज ६,६५,६००. त्याचे ७५ टक्के ४,९९,२००. तुमचा वाटा १,६६,४००.

जीएसटी वेगळा का दाखवला? कारण संस्थेची जीएसटी नोंदणी नसते, तो परत मिळत नाही, खर्चातच जातो. फक्त या दोन बाबींवर ३६,००० होतात. दरपत्रक "कर वेगळा" असं असतं आणि बजेट भरणारा फक्त वरचा आकडा उचलतो, मग शेवटी वर्गणी काढायची वेळ येते.

आता तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर. अनुदान मंजूर रकमेवर ठरत नाही, प्रत्यक्ष खर्चावर ठरतं. समजा ४,९९,२०० मंजूर झाले आणि मंजुरीपत्रात हप्ते ७५ आणि २५ टक्क्यांचे आहेत. पहिला हप्ता ३,७४,४००. दुसरा १,२४,८०० येईल असं तुम्ही धरून बसलात. पण दोन गट आले नाहीत, मंडप स्वस्तात झाला, खर्च ५,८०,००० वर थांबला. त्याचे ७५ टक्के ४,३५,०००. दुसरा हप्ता आला ६०,६००. म्हणजे काटकसर ८५,६०० ची आणि अनुदान कमी झालं ६४,२०० ने. काटकसर करू नका असं म्हणत नाही, पण वाचलेल्या पैशात "आता आपला वाटा निघाला" असं कुणी समजू नये.

आणि ज्याची पावती नाही तो खर्च नाही. गावातल्या कुणी मंडप फुकट दिला तर आनंद माना, पण ६०,००० चं बिल दाखवू नका. तो खोटा दस्त होतो. बजेटमध्ये फुकटच्या गोष्टी धरल्याच असतील तर अर्जातच "वस्तुरूप सहभाग" म्हणून वेगळ्या ओळीत लिहा आणि तो तुमच्या २५ टक्क्यांत धरतात का ते लेखी विचारून घ्या.

सुपारी_इसार
बजेटमधले १५ पाहुणे ही ओळ कुणी कापू नका. हात जोडून सांगतो. पहिली कात्री तिच्यावरच चालते आणि मग मेळाव्याचा ऑर्केस्ट्रा होतो.

नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या डोळ्यासमोर आणा. गुढीपाडव्याच्या सुमाराला फड तिथे राहुट्या टाकतात, गावकारभारी येतात, बोलणी होते, इसार देऊन यात्रेची तारीख पक्की करून जातात. आपला मेळावा, म्हणजे आयोजकांसमोरचं शोकेस, तेही हेच, फक्त इथे आधी २५ मिनिटं ऐकायला मिळतं. म्हणून कार्यक्रम संपल्यावर प्रत्येक गटाला एक टेबल, दोन खुर्च्या, एक तास. टेबलावर एकपानी पत्रक: माणसं किती, मंच किमान किती फूट, माइक किती, बिदागी कितीपासून कितीपर्यंत, प्रवास वेगळा की धरून, तीन मिनिटांच्या चित्रफितीचा क्यूआर. बिदागी छापायला कलाकार लाजतात. न छापल्यास पहिला पाहुणा पाडून मागतो आणि तोच भाव दुसऱ्याला कळतो.

पाहुण्यांत यूट्यूबचे आकडे बघून येणारे असतात. त्यांना समोरासमोर ऐकवायचंच आहे, म्हणून गायकांना ट्रॅकवर गाऊ देऊ नका. निदान ढोलक, हार्मोनियम किंवा कीबोर्ड, ऑक्टोपॅड एवढा ताफा हवा.

पावरी
तारखेचं कुणी बोलत नाहीये. अर्ज भरताना "डिसेंबर-जानेवारी" लिहिलं की सातपुड्यातले गट हातचे गेले. अक्कलकुवा, धडगावकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत आणि खाली पश्चिम महाराष्ट्रात जातात, ती होळीला परततात. होळीला पुन्हा भोंगऱ्या बाजार (आदिवासींचा होळीचा बाजार), काठी गावची राजवाडी होळी, त्या दिवसांत कुणी ढोल खाली ठेवून तुमच्याकडे येणार नाही.

सुपारी_इसार
आणि लग्नसराईच्या सुपाऱ्या तुळशीच्या लग्नाआधीच ठरतात. मेळावा दिवाळीनंतर घेतला तर ते वर्ष गेलं. चैत्रातल्या यात्रांची बोलणी मात्र माघ-फाल्गुनात होते.

तापीची_रेती
मग पितृपक्षात घ्या. लग्न नाही, साखरपुडा नाही, नाट्यगृहं मोकळी, ध्वनीवाले मोकळे. नवरात्र लागलं की ध्वनीवाला फोनही उचलत नाही.

आखाजी
पितृपक्षात उद्घाटनाला पाहुणा मिळणार नाही, आणि जाहिरातदार तर नाहीच.

सुपारी_इसार
ताई, उद्घाटक नाही मिळाला तर माझ्या लेखी ते फायद्यातच जमा. अकरा जणांचा सत्कार म्हणजे ४० मिनिटं, म्हणजे जवळपास दोन गट. सहा गट २५ मिनिटांचे, मध्ये १५ मिनिटांचे पाच बदल, एकूण ३ तास ४५ मिनिटं. पावणेसहाला पहिला सूर लागला तर साडेनऊला शेवट, दहाला अर्धा तास हातात. त्यात सत्कार घातले की शेवटचा गट कापला जातो, आणि शेवटचा गट नेहमी लांबून आलेला असतो.

हिशेबवही
शाल-श्रीफळाचा खर्चही अनुदानात धरू नका, आक्षेपाची पहिली खूण त्याच ओळीवर होते. जाहिरातदारांबद्दल ताईंचं खरं आहे, ते तिथे नाराज होतील. म्हणून २५ टक्के वाटा पितृपक्षाआधी, गणपतीतच उभा करा.

अर्जात एकच तारीख टाकू नका. "सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, पर्यायी: फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा" असं लिहा, पर्याय धरला तर त्या वेळच्या गटांची यादीही वेगळी जोडा. मंजुरी कधी येईल ते आपल्या हातात नाही, आणि मंजुरीआधी केलेला खर्च साधारणपणे धरत नाहीत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं हेही डोक्यात ठेवा.

मिक्सरवाला
सप्टेंबर म्हणजे पाऊस. उघड्यावर घेऊ नका, बंदिस्त सभागृह घ्या. त्यात दुसरा फायदा आहे: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री १० ते सकाळी ६ ची ध्वनिक्षेपक बंदी बंदिस्त सभागृहाला, आवाज आतल्या आत राहात असेल तर, लागत नाही. उघड्या मैदानावर दहा म्हणजे दहा. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस आधीच सणांना वाटून गेलेले असतात. शिवाय मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी ते. लग्नाच्या डीजेच्या सवयीने बेस लावला तर हद्दीवर ७५ सहज ओलांडतो.

जळगावात संभाजीराजे नाट्यगृह आहे, बालगंधर्व हे खुलं नाट्यगृह आहे. खुल्यात घेणार असाल तर फेब्रुवारीची तारीख धरा, मे महिन्यात नको. मेमध्ये ४५ अंशांत दुपारी ध्वनितपासणी करताना अ‍ॅम्प बंद पडतात आणि ताणलेल्या कातड्याचा सूर संध्याकाळपर्यंत कुठच्या कुठे जातो.

आता गटांच्या याद्या. प्रत्येक गटाकडून आधी मंचाचा नकाशा आणि माइकची यादी घ्या. दिवसाच्या सहा गटांत सगळ्यात लांब यादी कुणाची ती बघा, मिक्सर त्याच्यापेक्षा ८ चॅनल जास्तीचा. अहिराणी ऑर्केस्ट्राला १६ ते २० चॅनल लागतात, वहीगायनाला ८ पुरतात.

पावरीचा आवाज भोपळ्याजवळून नाही, खालच्या तोंडातून येतो. माइक तिथे, वीतभर ते हातभर अंतरावर. वादक नाचतो, म्हणून स्टँडपेक्षा वाद्याला चिकटवलेला छोटा माइक बरा. मोठा ढोल त्याच्याशेजारी ठेवला तर पावरीच्या माइकमध्ये ढोलच ऐकू येतो. दोघांत किमान सहा-सात फूट. काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवून वाजवतात त्या थाळीवाद्याला कंडेन्सर माइक हवा आणि मॉनिटर (कलाकारासाठीचा स्पीकर) त्याच्याकडे तोंड करून नको, गूंज उठते. मेण उन्हात मऊ पडतं, ते वाद्य हॅलोजनखाली ठेवू नका.

खुल्या मैदानात मागे ३० मीटरवर दुसरे स्पीकर लावणार असाल तर त्यांना साधारण ८७ मिलिसेकंदांचा विलंब द्या, नाहीतर मागच्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो, आणि नेमकं पाहुण्यांना तिथेच बसवलेलं असतं.

जनित्र: ध्वनी १२, प्रकाश १०, पडदा ६, म्हणजे २८ किलोवॉट. ०.८ ने भागलं की ३५ केव्हीए. ६२.५ चं घ्या, निम्म्याहून थोड्या जास्त भारावर निवांत चालतं, ताशी साधारण ८ ते १० लिटर डिझेल. ४० चं घेतलं तर बेसच्या ठोक्याला दिवे मिचकावतात. ध्वनी आणि प्रकाश वेगळ्या फेजवर, अर्थिंग दोन ठिकाणी.

आखाजी
संगीताच्या परवान्याचं कोडं सोडवा कुणी. प्रवेश मोफत आहे, मग परवाना कशाला? आणि लग्नात तर कुणी घेत नाही.

तापीची_रेती
लग्नाला सूट आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि विवाहाचे कार्यक्रम वगळले आहेत. मेळाव्याला ती लागत नाही. मोफत प्रवेशाची सूट हौशी मंडळाला आहे. तुम्ही गटाला १५,००० मानधन देताय, म्हणजे हौशी राहिला नाहीत.

गाणी तीन गठ्ठ्यांत घाला. एक, पारंपरिक: कानबाईची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची, वहीतली जुनी. कवी ठाऊक नाही, परवाना नको. दोन, अलीकडचं लिहिलेलं आणि गीतकार-संगीतकार आयपीआरएस या हक्कसंस्थेचा सभासद: परवाना त्या संस्थेकडून, कार्यक्रमाआधी. तीन, नवं गाणं पण कवी कुठेच सभासद नाही: त्याच्याकडून थेट लेखी संमती. अहिराणीतली निम्मी गाणी या तिसऱ्या गठ्ठ्यात येतात आणि संमती कुणी घेत नाही. कवी गावातलाच असतो, मागितली तर आनंदाने देतो. गीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणून "म्हातारबांचं गाणं आहे" एवढ्यावर मोकळं समजू नका.

मध्यंतरात पेनड्राइव्हवरून गाणी वाजवलीत तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, त्याचा परवानाही वेगळा, पीपीएलसारख्या संस्थेकडून. ट्रॅकवर गाणाऱ्याचंही तेच. न वाजवणं सर्वांत स्वस्त.

कार्यक्रमानंतर काय काय गायलं त्याची यादी, गीतकार-संगीतकाराच्या नावासह, परवाना देणाऱ्या संस्थेला भरून द्या. ती गेली नाही तर तुम्ही भरलेले पैसे आपल्या कवीपर्यंत पोचायला आधारच राहात नाही.

सुपारी_इसार
चित्रीकरणाचं जोडतो. काही गायकांनी गाण्याचे सगळे हक्क कंपनीला विकलेले असतात. मंचावर गातील, पण तुम्ही चित्रफीत चढवली की दावा येतो आणि चित्रफीत जाते किंवा तिची कमाई दुसऱ्याकडे वळते. करारात एक ओळ घाला: "या गाण्याचे चित्रीकरण व प्रसारण करण्यास कोणाचीही हरकत नाही, असल्यास गाण्याचे नाव." शोकेसच्या तीन मिनिटांसाठी पारंपरिक गाणंच निवडा, झंझट नाही.

पावरी
मानधन खात्यात टाकायचं म्हणता. गटातल्या आठांपैकी तिघांकडे पॅन नसतो, आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं.

हिशेबवही
म्हणून हे काम मेळाव्याच्या दोन महिने आधी. ज्यांची नावं जुळत नाहीत त्यांची यादी करून बँकेत एकाच दिवशी न्या.

गटप्रमुखाच्या खात्यात सगळी रक्कम टाकायची असेल तर आठही जणांच्या सहीचं किंवा अंगठ्याचं संमतीपत्र, त्यात प्रत्येकाचा वाटा लिहिलेला. पॅन नसेल आणि कर कापायची वेळ आली तर २० टक्क्यांनी कापावा लागतो, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर कलाकाराला वाटतं संस्थेने खाल्ले. कंत्राट धरलं तर व्यक्तीला १ टक्का, व्यावसायिक मानधन धरलं तर १० टक्के. तुमच्या व्यवहाराला कोणतं लागू हे सीएकडून लिहून घ्या. १५,००० च्या एका मानधनावर बहुधा वेळच येत नाही, ध्वनीवाल्याच्या बिलावर मात्र नक्की येते आणि तिथे टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) नसल्याचं शेवटच्या दिवशी लक्षात येतं.

रोख देऊच नका. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर करसवलतीच्या हिशेबात तो खर्च धरत नाहीत. ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट. आणि चांगली गोष्ट: लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणावर कलाकाराला दीड लाखापर्यंत जीएसटी नाही, त्यामुळे कुणी गट "अधिक १८ टक्के" मागत असेल तर विचारा कशासाठी. तिकीट लावणार असाल तर माणशी ५०० पर्यंतच्या तिकिटालाही जीएसटी नाही. तिकिटाची जमा मात्र हिशेबात दाखवावी लागते, ती लपवली तर सगळ्या हिशेबावर संशय येतो.

अनुदानाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. खात्यावर व्याज आलं, अगदी ९०० रुपये, तर तेही तुमचं नाही. सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम २३० प्रमाणे ते सरकारजमा करायचं, भारतकोष पोर्टलवरून भरता येतं. उपयोगिता प्रमाणपत्र याच नियमांच्या जीएफआर १२-अ नमुन्यात, सीएच्या सहीने. त्यातला आकडा, पीएफएमएस या सरकारी हिशेबाच्या पोर्टलवर चढवलेला खर्च आणि पावत्यांची बेरीज, तिन्ही रुपयापर्यंत जुळल्या पाहिजेत. हाऊ हिशोब बठ्ठासले लागू शे (हा हिशेब सगळ्यांना लागू आहे), लहान संस्था म्हणून कुणी सोडत नाही.

आखाजी
अर्जातल्या "गरज" या रकान्यात काय लिहावं? सगळे "लोककला लोप पावत आहे" असंच लिहितात.

सुपारी_इसार
तेच नको. आकडा लिहा: २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषागटात (अहिराणी त्यातच धरली आहे) सुमारे १८ लाख ६० हजार लोक. मग १२ गटांना गेल्या वर्षी प्रत्येकी किती सुपाऱ्या मिळाल्या, किती जिल्ह्याबाहेरच्या, सरासरी बिदागी किती. हे गटांना विचारून तक्ता करा, अर्ध्या दिवसाचं काम. मेळाव्यानंतर ९० दिवसांनी तोच तक्ता पुन्हा: किती चौकश्या, किती इसार, किती रुपये. पुढच्या वर्षीच्या अर्जाला यापेक्षा जड कागद दुसरा नाही. फोटोंचा ढीग पाठवतात, त्यात निम्मे फोटो व्यासपीठावरच्या पाहुण्यांचे असतात.

गिरणाकाठ
शेवटचे दोन. मागितले ४,९९,२०० आणि मंजूर झाले २,५०,००० तर? आणि दुसरा हप्ता येईपर्यंतचं अंतर कसं भरायचं, अध्यक्षांनी उसने दिले तर चालतील?

हिशेबवही
कमी मंजूर झालं तर सही करून पैसे घेण्याआधी थांबा. सुधारित बजेट पाठवा: एक दिवस, सहा गट, तेच पाहुणे. लेखी होकार आला की मग पुढे. होकाराशिवाय कार्यक्रम आखूड केला तर मूळ प्रस्तावाशी तुलना होऊन वसुलीचं पत्र येऊ शकतं.

उसन्याचं जपून. विश्वस्ताने न्यासासाठी कर्ज काढायचं तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा प्रश्न येतो, वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. त्यापेक्षा कार्यादेशातच लिहा: ध्वनी, मंच आणि चित्रीकरणाच्या बिलाचे ७० टक्के कार्यक्रमाच्या आठवड्यात, ३० टक्के ९० दिवसांत. या तीन बाबींचे मिळून २,८१,००० होतात, त्यांचे ३० टक्के ८४,३००. १,२४,८०० च्या हप्त्यापैकी दोनतृतीयांश अंतर तिथेच भरलं. कलाकारांचं मानधन मात्र त्यात अडकवू नका, ते त्याच आठवड्यात पूर्ण.

मिक्सरवाला
९० दिवसांना ध्वनीवाला तयार होईल, फक्त दरपत्रक मागतानाच सांगा. कार्यक्रम झाल्यावर सांगितलंत तर पुढच्या वर्षी तो पितृपक्षातही मोकळा नसेल.